सी हॅरियरचा दुसरा दांडा कसा वापरायचा

गोव्यात बोगमाळो रोडवरच्या नौदलाच्या म्युझियममध्ये सी हॅरियर हे लढाऊ विमान बघून आलात की मालवणात घरी येऊन कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर लावालच, तर ऐका. डाव्या हाताला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, आणि त्याला खेटूनच दुसरा दांडा, नोझलचा, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या नळ्यांचा. तो पुढे असला की इंजिनाची चारही नोझल मागे तोंड करून, विमान सरळ पळतं, मागे ओढला की नोझल खाली वळतात नि विमान हवेत उभं राहतं. पण एकदम खेचू नका हां, वेग उतरतो तसं पंखांची उचल जाते, तो भार इंजिनावर येतो, म्हणून थोडा दांडा, मग थोडा थ्रॉटल वाढवा. मी घाईत थ्रॉटलच मागे ओढला, पडलो नारळासारखा धप्पकन! २०१६ पर्यंत आपले पायलट हे खरोखर करत होते, तेही हलत्या जहाजावर.