पूर ओसरल्यावर मुलांची शाळा सुटू नये म्हणून

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांमध्ये शिरलं. सहामाही परीक्षा तेव्हा तोंडावर होती. अशा वेळी पंचनामा, चिखल, नातेवाइकांकडचा मुक्काम या धांदलीत मुलांची शाळा मागे पडते. दोन आठवड्यांची गैरहजेरी झाली की परत यायला मूल कचरतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच हालचाल करा.

आधी कागद वाचवा. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. जन्मदाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका जशा सापडतील तशा मोबाइलने फोटो काढून ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सुटी होतील ती कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि पंख्याखाली, सावलीत वाळवा. मधले कागद ओलावले की बदला. छापील वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. उन्हात टाकू नका, इस्त्रीही फिरवू नका. कागद वाकडा होतो. जेल पेनची अक्षरं पुसायला गेलात तर पसरतील. कागद फार असतील तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, मग थोडे थोडे काढून वाळवता येतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका गेली असेल तर डिजिलॉकर बघा, नाहीतर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा.

कुटुंब दुसऱ्या भागात राहायला गेलं तर जवळच्या शाळेत सरळ जा. पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ स्पष्ट आहे: सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेताना टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायलाही कलम १४ मनाई करतं. तोंडी नकार मिळाला तर अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. बरेचदा तेवढ्यानं काम होतं.

मदत गोळा करणाऱ्यांनी वह्यांचे ढीग आणण्याआधी यादी करावी: नाव, इयत्ता, माध्यम, सध्याचा पत्ता, फोन. सेमी-इंग्रजीच्या मुलाला गणित-विज्ञान इंग्रजीतून लागतं, त्याला मराठी पुस्तक देऊन उपयोग नाही. लहान वर्गांना चौकटी, दुरेघी आणि चौरेघी वह्या लागतात. दानात मात्र एकरेघीच येतात. पुस्तकं मिळेपर्यंत बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून पुढचे दोन धडे छापून द्या, अख्खं पुस्तक नको.

शाळेत चिखल असेल तर विहार, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय मागा आणि रोज अडीच-तीन तास वर्ग घ्या. सुरुवातीला भाषा आणि गणित पुरे. पहिल्या दिवशी चाचणी नको. चित्रं, गाणी, गोष्टी चालू द्या. आभाळ भरून आलं की काही मुलं घाबरतात. त्यांना काय झालं ते सांगायला लावू नका, जवळ बसवा. पिण्याच्या पाण्यात हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाका, तासभर थांबा, मगच वापरा. मूळ इमारतीत परतण्याआधी वायरिंग तपासून घ्या.

हजेरीत कोण नाही ते रोज बघा. घर आवरायला आणि धाकट्यांना सांभाळायला बहुतेक मोठ्या मुलींनाच थांबवलं जातं. त्यासाठी धाकट्यालाही वर्गात बसू द्या. ही सोय केली की मुली येतात.

दहावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल जर्नल वाहून गेलं असेल तर मुख्याध्यापकांना लगेच लेखी कळवा आणि वर्गमित्राच्या जर्नलचे फोटो घेऊन ते पुन्हा लिहायला घ्या. आणि घाबरून शाळेतून नाव काढू नका, सतरा नंबरचा (शाळेबाहेरून खाजगी परीक्षार्थी म्हणून बसायचा) फॉर्म भरायची घाई करू नका. पटावर नाव असेल तर परीक्षेचा अर्ज शाळाच भरते.