चावीच्या घड्याळाची चाल घरच्या घरी कशी लावावी

चावीचे मनगटी घड्याळ रोज तीन-चार मिनिटे मागे पडते म्हणून लगेच झाकण उघडायला बसू नका. आधी त्याला रोज पूर्ण चावी द्या. ‘जास्त चावी दिली की कमान तुटते’ हे ऐकून कित्येक जण अर्धीच चावी देतात आणि मग घड्याळालाच नावे ठेवतात. कमान म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग. ती अर्धी सुटलेली असली की आत सतत झोके घेणाऱ्या बॅलन्स चाकाचा झोका कमी होतो आणि चाल भरवशाची राहत नाही. सकाळी ठरल्या वेळी चावी अडेपर्यंत द्यावी. अडली की थांबावे, पुढे जोर लावायचा नाही.

हे सगळे चालू घड्याळासाठी आहे. एचएमटी जनता, कोहिनूर, पायलट किंवा आजोबांचे एखादे स्विस मशीन चालेल. बंद पडलेले असेल तर सरळ कारागिराकडे न्या.

आता मोजणी. रोज चावी देताना मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते वहीत लिहा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप लागणारी हवी. टीव्हीवरच्या घड्याळावर जाऊ नका, डिशचे चित्र काही सेकंद उशिरा येते. पाच-सहा दिवस तरी लिहा, आणि रात्री घड्याळ पालथे ठेवले, उताणे ठेवले की कडेवर, तेही लिहा.

वही बोलते. रोज साधारण सारखाच फरक पडत असेल तरच पुढचे काम करायचे. आज ४० सेकंद पुढे आणि उद्या दोन मिनिटे मागे असा प्रकार असेल तर मशीनमधले तेल सुकले आहे. ते खोलून, धुऊन, नवे तेल देण्याला पर्याय नाही. शिलाई मशीनचे तेल सोडणे, रॉकेलमध्ये बुडवणे हे सल्ले देणाऱ्याला त्याच्याच घड्याळावर प्रयोग करायला सांगा. आणि काल ठीक चालणारे घड्याळ आज एकदम दहा-पंधरा मिनिटे पुढे धावू लागले, तर बहुतेक ते चुंबकाजवळ गेले आहे. मोबाइलचे चुंबकवाले कव्हर, डीजेचा बॉक्स, काहीही. बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाल वाढते. कारागिराकडचे चुंबक उतरवायचे यंत्र मिनिटभराचे काम करते. अशा घड्याळाची चाल लावायची दांडी (ती पुढे येते) हलवली तर चुंबक उतरल्यावर ते मागे पडत बसेल.

फरक रोज सारखा असेल तर आता मागचे झाकण उघडा. दाबून बसवलेले असेल तर कडेच्या खाचेत पातळ पाते घालून, आट्यांचे असेल तर झाकण फिरवायच्या योग्य चावीने.

पण कुठे उघडता याला महत्त्व आहे. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे घरातच कापूस भरलेला असतो. त्या खोलीत घड्याळ उघडायचे नाही म्हणजे नाही. तंतू दिसतही नाही, पण बॅलन्सच्या टोकाला गुंडाळला की झोका मरतो. पंखा बंद, कुलर बंद. म्हणूनच मे महिन्यात हे काम उजाडताच करावे, दुपारी कपाळावरचा घाम थेट मशीनवर पडतो.

आता दांडी. मलाही ती वश करायला वेळ लागला तो इथेच.

सतत झोके घेणारे चाक म्हणजे बॅलन्स. त्याच्या वरच्या पट्टीवर एक बारीक दांडी असते, तो रेग्युलेटर. शेजारी कुठे + आणि −, कुठे एफ आणि एस, जुन्या स्विस मशीनवर ए आणि आर अशी खूण असते. +, एफ किंवा ए म्हणजे जलद. दांडीच्या खालच्या दोन बारीक खुंट्यांमधून केसासारखी स्प्रिंग जाते. दांडी + कडे नेली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि चाक भराभर झोके घेते.

काही मशीनवर अशा दोन दांड्या असतात. स्प्रिंगचे टोक जिथे पक्के केलेले असते, त्या दांडीला हात लावू नका. ती हलली की टिकटिक लंगडते आणि ते घरी सरळ होत नाही.

दांडी किती हलवायची? दिवसाची मिनिटे १४४०, म्हणजे रोज एक मिनिटाचा फरक १४४० मध्ये एकाचा. तेवढ्यासाठी दांडी डोळ्याला जेमतेम कळेल इतकीच सरकवायची. अडचण अशी की जुनी दांडी आधी हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. म्हणून ढकलायचे नाही. अंगठा घड्याळाच्या कडेवर टेकवा, भिंग डोळ्याला, श्वास रोखा आणि तासलेल्या बांबूच्या टूथपिकने दांडीच्या टोकाला हलकी टिचकी द्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हर मुळीच नको. तो निसटला तर सरळ स्प्रिंगवर जातो आणि वाकडी झालेली स्प्रिंग यूट्यूब बघून सरळ होत नसते. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला उभा राहिला, पण २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता सुटा भाग हवा तर बहुतेक वेळा दुसरे जुने घड्याळच फोडावे लागते.

माझा नियम, एका वेळी हव्या त्याच्या निम्मीच दुरुस्ती. दोन मिनिटे मागे पडत असेल तर एका मिनिटाची करा, झाकण नुसते टेकवून ठेवा आणि पूर्ण दिवस जाऊ द्या. तासाभराने बघून पुन्हा टोचणाऱ्याचे घड्याळ कधी लागत नाही. मोबाइलवर टिकटिक ऐकून चाल सांगणारी ॲप आहेत, ती दिशा सांगायला बरी. जनतासारख्या मशीनसाठी त्यात ताशी १८००० ठोके निवडा. शेवटचा शब्द मात्र वहीचा.

जुने घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आले की टूथपिक खाली ठेवा. उरलेले सेकंद रात्री घड्याळ कसे ठेवता त्यावर सोडा. उताणे ठेवल्यावर पुढे जाते की चावी वर करून कडेवर ठेवल्यावर, हे प्रत्येकाचे वेगळे आणि तुमच्या वहीत ते आलेलेच असते. दिवसा दहा सेकंद कमावणारे रात्री दहा गमावेल अशा कुशीवर ठेवायचे.

झाकण लावताना काचेखाली मऊ कापड घ्या आणि अंगठ्यांनी दाबा. जनताची काच प्लास्टिकची असते, शिकंज्यात धरली की तडकते. रबराची रिंग कडक झाली असेल तर बदला, नाहीतर पहिल्याच पावसात डायलवर वाफ धरेल.