लिनक्सवर जावा, पायथॉन बसवताय? या चुका टाळा

"सर, एलएस बी नाही चालून राहिलं जी." दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका विद्यार्थिनीचा संध्याकाळी फोन आला. एलएस म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा. ती जावा बसवत होती. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जवळपास काहीही टाइप केलं की एकच उत्तर यायचं: कमांड नॉट फाऊंड. दादा म्हणाला होता, उबुंटूच (तिच्या लॅपटॉपवरचं लिनक्स) गेलं, नवीन टाक. नव्या उबुंटूची फाइल जवळपास सहा जीबीची. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटने, म्हणजे चार दिवस गेले. दुरुस्ती मात्र एका ओळीची होती.

होम फोल्डरमध्ये .बॅशआरसी नावाची फाइल असते, टर्मिनल उघडताना ती वाचली जाते. तिच्या शेवटी या मुलीने लिहिलं होतं: एक्सपोर्ट पाथ=/ऑप्ट/जेडीके/बिन. (आज्ञा इथे देवनागरीत देतोय, टाइप इंग्रजीतच करायच्या, आणि 'पाथ' कॅपिटलमध्ये.)

पाथ म्हणजे कोलनने जोडलेली फोल्डरांची यादी. तुम्ही एलएस लिहिलं की शेल (टर्मिनलमधला आज्ञा चालवणारा प्रोग्राम, उबुंटूवर बॅश) ही यादी डावीकडून एकेक करत पाहतं आणि ज्या फोल्डरात ते नाव पहिल्यांदा सापडेल तिथलंच चालवतं. आठवडी बाजारात पहिल्याच दुकानात संबार (कोथिंबीर) मिळाला की आपण पुढच्या दुकानात विचारत नाही, तसंच. तिच्या ओळीने जुनी यादी पुसली गेली. उरलं एकच फोल्डर, त्यात जावा होतं, एलएस नव्हतं. एलएस आपल्या जागी, /यूएसआर/बिनमध्ये, सुखरूप होतं.

"बेटा, काही गेलं नाही. मी सांगतो ते लिही," म्हटलं. आधी त्याच टर्मिनलवर एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन. एक्सपोर्ट ही आज्ञा शेलच्या आतलीच असल्यामुळे पाथ मोडला तरी ती चालते. लगेच एलएस चाललं. मग नॅनो या एडिटरने .बॅशआरसी उघडून ओळ अशी केली: एक्सपोर्ट पाथ="$पाथ:/ऑप्ट/जेडीके/बिन". त्या डॉलरवाल्या पाथमध्ये जुनी यादी येते. तो विसरू नका, एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. पोरांचा डेटा आणि चार-चार दिवस याच एका चिन्हापायी जातात.

आता यादीचा क्रम. नवीन जावा बसवलं, पण व्हर्जन जुनंच दिसतंय? पुन्हा डाउनलोड करू नका. टाइप -ए जावा लिहा. मशीनवर जावा कुठे कुठे आहे ते क्रमाने दिसेल. जुनं आधी सापडत असेल तर नवं फोल्डर $पाथच्या आधी लिहा. जावा कुठे आहे हे इतर प्रोग्रामना सांगणाऱ्या जावा_होममध्ये मात्र जेडीकेचं (जावाच्या संचाचं) फोल्डर द्यायचं, त्यातलं बिन नाही. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. बॅश त्या नावालाच आज्ञा समजतं.

फाइल सेव्ह केली, पण फरक पडला नाही, अशीही तक्रार फार येते. उघडं टर्मिनल ती फाइल पुन्हा वाचत नाही. सोर्स ~/.बॅशआरसी द्या किंवा नवं टर्मिनल उघडा. व्हिडिओ बघून नवीन .बॅश_प्रोफाइल तयार करत असाल तर थांबा: ती असली की लॉगिनच्या वेळी बॅश .प्रोफाइल वाचतच नाही, आणि तिथल्या सेटिंग गायब झाल्यासारख्या वाटतात. मॅकवर 2019 च्या कॅटलिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतं, तिथे ओळ .झेडएसएचआरसीमध्ये जाते.

पायथॉनची लायब्ररी सुडो पिपने, म्हणजे पिप हे लायब्ररी बसवायचं साधन ॲडमिनच्या अधिकाराने चालवून, बसवू नका. उबुंटूची स्वतःची कामंही त्याच पायथॉनवर चालतात. डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून पिप स्वतःच अडवतं, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणतं. त्यावर जबरदस्तीचा पर्याय सापडतो, तो वापरू नका. त्याऐवजी प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन करा: आधी पायथॉन3-व्हेन्व्ह हे पॅकेज ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज बसवायच्या साधनाने) घ्या, मग प्रोजेक्टच्या फोल्डरात पायथॉन3 -एम व्हेन्व्ह एन्व्ह, आणि सोर्स एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट.

राहिली लाइनची गोष्ट. गावाकडे सेकंडहँड लॅपटॉपच्या बॅटऱ्या बहुतेक मेलेल्याच असतात. ॲप्टचं काम सुरू असताना लाइन गेली की पॅकेज अर्धवट राहतं. लाइन आल्यावर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि गरज पडली तर सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. मोठी फाइल डब्ल्यूगेट -सीने उतरवा, तुटली तर बहुतेक वेळा तिथूनच पुढे सुरू होते. उतरल्यावर फाइल नीट आली का हे बघायला शा256सम या आज्ञेने येणारा आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवून पाहा.

आणि ॲप्ट लॉकची (दुसरं काम सुरू असल्याच्या खुणेची) तक्रार करत असेल तर ती लॉक फाइल डिलीट करू नका. बहुतेक वेळा मागे उबुंटू स्वतःहून अपडेट घेत असतं. हॉटस्पॉटवर त्याला अर्धा तासही लागतो. तेवढा वेळ चार्जर लावून लॅपटॉप तसाच राहू द्या.