गॅस कमी नाहीये, कॉइल चोकअप आहे: एसीची कॉइल धुताना या चुका टाळा

एप्रिल लागला की फोन सुरू होतात, "साहेब कूलिंग होत नाही, गॅस बघून घ्या." अहो गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही वापरून संपायला, सिस्टीम पॅक असते, लीक असेल तरच कमी होणार. बऱ्याचदा हॉटेल, शोरूम, क्लासेस असल्या ठिकाणी जाऊन आउटडोअरच्या (बाहेर बसवलेल्या युनिटच्या) मागून हात फिरवला की हाताला धुळीची गोधडीच लागते. आणि तोवर कुणीतरी येऊन गॅस टॉपअप करून पैसे घेऊन गेलेला असतो.

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कंडेन्सरला (आउटडोअरमधली उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, म्हणजे नळ्यांची जाळी) हवा मिळत नाही म्हणून प्रेशर आधीच चढलेलं, त्यात वरून जास्तीचा गॅस, मग दुपारी २ वाजता हाय प्रेशरवर ट्रिप होऊन बंद आणि संध्याकाळी ऊन उतरलं की मशीन आपोआप शहाणं. दुपारी बंद, संध्याकाळी बरं, असं ऐकलं की आधी कंडेन्सर बघा.

इनडोअरची कॉइल किंवा फिल्टर चोक असेल तर मात्र भले भले फसतात, कारण तिथे सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं प्रेशर) खाली येतं आणि गॅस कमी असला तरी सक्शन खालीच येतं. नुसतं एक गेज लावून बघणारा सरळ गॅस सोडून मोकळा. फरक कसा ओळखायचा तर इनडोअरकडून कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपला हात लावा. हवा अडली असेल तर तो एकदम थंडगार असतो, कधी कधी बर्फ पार कॉम्प्रेसरपर्यंत येतो. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या तोंडाशी, गॅस आत शिरतो तिथेच धरतो आणि जाड पाइप त्यामानाने कोमट. अँपिअर पण बघा, गॅस कमी असला की कमी दाखवतो, कंडेन्सर चोक असला की जास्त. आणि बर्फ दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका, कॉइलला भोक पडलं तर मग खरंच गॅस भरावा लागेल. कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा चालवा, एक-दोन तास लागतात, लागू देत.

आता धुण्याकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे, घाणीने कॉइल मरतात त्यापेक्षा चुकीच्या धुण्याने जास्त मरतात.

पहिला गुन्हेगार अ‍ॅसिड. बिनालेबलच्या कॅनमधलं काहीतरी मारायचं, पांढरा फेस उसळला की मालक खूश, काय घाण निघाली बघा! तो फेस बऱ्याचदा घाणीचा नसतोच. कडक अल्कली असो वा अ‍ॅसिड, ते अ‍ॅल्युमिनियमच खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, त्याचे बुडबुडे दिसतात आपल्याला. फिन (नळ्यांवरचा पातळ पत्रा) जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा, त्यातलं दर वेळी थोडं थोडं जातं. एका हॉटेलच्या टेरेसवर मी अशी कॉइल बघितलीय, दोन-तीन वर्षं दर सर्व्हिसला अ‍ॅसिड, शेवटी बोट लावलं की फिनची पावडर व्हायची, आत नुसत्या तांब्याच्या नळ्या. केमिकल वापरायचंच तर कॉइलसाठी बनवलेलं घ्या, लेबलवर लिहिलंय तेवढं पाणी घाला, आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा, कारण राहिलेलं केमिकल आत बसून काम करतच राहतं. ब्लीच तर अजिबात नको, आणि ब्लीचवर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, जीवाशी खेळ. इनडोअरला कडक केमिकल मारू नका, त्याची वाफ माणसांच्या नाकात जाते, तिथे न्यूट्रल क्लीनर बस्स. नवीन मशीनमध्ये मायक्रोचॅनल कंडेन्सर येतो, संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, चपट्या नळ्यांचा, त्याला शक्यतो नुसतं साधं पाणी.

दुसरा गुन्हेगार जेट पंप. पंप वाईट नाही हो, धरणारा हात वाईट. जवळून आणि तिरका फवारा मारला की फिन आडवे झोपतात आणि हवा कायमची बंद, म्हणजे धुवून चोकअप केलं की राव. फवारा सरळ फिनच्या रेषेत, लांबून, आणि हवा जिकडून आत शिरते त्याच्या उलट बाजूने, म्हणजे बहुतेक आउटडोअरमध्ये आतून बाहेर. बाहेरून मारलं तर कचरा अजून आत ठासला जातो. मोठ्या मशीनमध्ये दोन-तीन रोची (एकामागे एक ओळींची) कॉइल असते, दर्शनी रो चकाचक आणि मधल्या फटीत नमदा तसाच. एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूला उजेड येतोय का बघा. वाकलेले फिन फिन कोंबने (फिनच्या कंगव्याने) सरळ होतात, कंटाळवाणं काम आहे पण होतं.

पाणी मारण्याआधी मेन एमसीबी बंद, रिमोटने बंद केलेलं चालणार नाही. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कार्ड) आणि मोटरला पॉलिथिन बांधा. हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकतंय, ही तक्रार हमखास. कॉइलची घाण ड्रेन पॅनमध्ये उतरते आणि पाइपाच्या तोंडाशी बसते, म्हणून शेवटी पॅन पुसून बादलीभर पाणी ओतून बघायचं. एएचयूला (मोठ्या जागेत डक्टमधून थंड हवा फिरवणारं युनिट) ड्रेनमध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा यू आकाराचा वाक, नसेल तर पंख्याच्या ओढीने पाणी बाहेरच पडत नाही, उलट हवा आत खेचली जाते. तिथे कितीही धुवा, पाणी येणारच. फार्मा प्लँटमध्ये चिल्ड वॉटर कॉइलच्या मागे हॉट वॉटर कॉइल असते ती पण विसरतात, पुढचीची घाण धुवून तिच्यावर ढकलतात.

जागा बघून काम ठरवा. वर्षातून दोनदा असा ठोकताळा रत्नागिरी, अलिबाग, गोव्यात चालत नाही, खाऱ्या हवेत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून असतात तिथे गंज पटकन धरतो, तिकडे महिन्याला गोड्या पाण्याने नुसता खळखळ धुवून काढा. किचनच्या एक्झॉस्टसमोर आउटडोअर असेल तर तेलकट थर नुसत्या पाण्याने निघत नाही, डीग्रीझर लागतो, खरं तर आउटडोअरच हलवा. आणि आजूबाजूला सावरीचं झाड असेल तर उन्हाळ्यात कापूस उडायला लागला की दर आठवड्याला नजर टाका, चार दिवसात कॉइलवर रजई तयार.

शेवटी टाँग टेस्टर, वायरभोवती अडकवून अँपिअर मोजायचा. धुण्याआधी आणि नंतर अँपिअर लिहून ठेवा, पण दुपारच्या उन्हातलं आधीचं रीडिंग आणि संध्याकाळचं नंतरचं अशी तुलना फसवी, संध्याकाळी घाण कॉइलपण कमीच दाखवते. ओल्या कॉइलवर लगेच घेतलेलं रीडिंगही खोटंच, पाणी उडताना कंडेन्सर थंड पडतो. पूर्ण वाळू द्या, अर्धा तास चालवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत घ्या.