मुंबईहून मालवणपर्यंत : शिडाच्या बोटीवर राहण्याची पूर्वतयारी

शिडाच्या बोटीवर काही आठवडे राहून कोकण किनाऱ्याने प्रवास करण्याचा विचार करणारे बहुतेक जण आधी बोटीची लांबी, शिडांचे कापड आणि किंमत यांची चौकशी करतात. त्याऐवजी पंचांग आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक यांपासून सुरुवात करावी. उष्ण कटिबंधातल्या या किनाऱ्यावर केव्हा निघायचे, नांगर कोठे टाकायचा, चूल कधी पेटवायची आणि झोप कधी घ्यायची, हे सारे पाणी, वारा आणि ऊन हेच ठरवतात. येथे तीस ते पस्तीस फुटांची बोट आणि तिच्यावर दोन माणसे गृहीत धरली आहेत. शिडे हाताळण्याचे प्राथमिक शिक्षण गेटवेच्या परिसरातल्या एखाद्या सेलिंग क्लबात आधीच झालेले असावे.

कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटतात, म्हणून आपणही त्याच सुमारास निघावे, असे मानू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा मे-जूनमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे निर्माण होऊ शकतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तर तौक्ते मे २०२१ मध्ये मुंबईजवळून गेले. डिसेंबर ते मार्च हा काळ पहिल्या सफरीसाठी सर्वांत भरवशाचा आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले हे खरे, पण त्यांच्याखाली ५६ फुटी ‘म्हादेई’ होती आणि पाठीशी नौदल होते. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा लागला, तर हवा कितीही स्वच्छ दिसत असली तरी नांगर उचलू नये.

डिसेंबर ते मार्च या महिन्यांत वाऱ्याला एक ठरावीक फेरा असतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो, काही काळ हवा स्तब्ध राहते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत टिकतो. दक्षिणेकडे जाताना हा दुपारचा वारा पाठीमागून मिळतो, त्यामुळे मुंबई ते मुरुड हे सुमारे चाळीस सागरी मैलांचे अंतर, ताशी पाच मैलांचा वेग धरला, तर एका दिवसात पार होते. परतीचे गणित मात्र उलटे आहे. तोच वारा नाकासमोर येतो, म्हणून उत्तरेकडे येताना फटफटताच निघून मतलई वाऱ्यावर जमेल तितके अंतर कापावे आणि दुपारी खाडीत शिरून स्वस्थ बसावे. परतीला जाण्याच्या दुप्पट दिवस राखून ठेवणे रास्त ठरते. जे राखत नाहीत, ते शेवटचे चार दिवस इंजिनवरच काढतात.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी पडते. तिथीचा आकडा घेऊन त्याचा पाऊणपट करावा. अष्टमीला आठाचे पाऊणपट म्हणजे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईसाठी बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, म्हणून खाडीत शिरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. बाणकोट, दाभोळ यांसारख्या खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली असते. तेथे पाणी चढत असतानाच शिरावे, म्हणजे कील (बोटीच्या तळाचा खाली उतरलेला कणा) टेकलीच तर पुढची भरती बोट उचलते. ओहोटीत रुतलेली बोट सहा-सात तास एका कुशीवर कलंडून पडते.

नांगराचा हिशेब याच फरकावर उभा आहे. ओहोटीला तीन मीटर खोली दिसली, तरी उधाणाला तेथेच सात मीटर पाणी होणार, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची एक मीटर उंची मिळवली की आठ मीटर झाले. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर सोडावी, आणि दोर असेल तर सातपट. दर सहा तासांनी प्रवाह उलटतो व बोट नांगराभोवती फिरून विरुद्ध बाजूला जाते, म्हणून शेजारच्या होडीपासूनचे अंतर आताचे न पाहता फिरल्यानंतरचे पाहावे. खाड्यांतला चिखल नांगर चांगला धरतो, परंतु पकड बसली की नाही हे इंजिन उलटे चालवून तपासल्याशिवाय कोणीही खाली झोपायला जाऊ नये. जयगड आणि विजयदुर्ग ही आडोशाच्या दृष्टीने या किनाऱ्यावरची सर्वांत सुखाची ठिकाणे आहेत. मराठ्यांच्या आरमाराने विजयदुर्ग उगाच निवडला नव्हता.

मुंबई आणि रायगडच्या पाण्यात खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, त्याशिवाय बोये आणि बावटे लावलेली लांबलचक जाळीही पसरलेली असतात. इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यात दोर अडकला की बोटही थांबते आणि कोणाची तरी रोजी-रोटीही तुटते. म्हणून अंधारात किनाऱ्यालगत जाऊ नये. मुक्कामी पोहोचल्यावर गावातल्या तांडेलाला (मासेमारी होडीच्या प्रमुखाला) दुसऱ्या दिवशीच्या मार्गात जाळी कोठे आहेत हे विचारावे, कारण ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते.

आता राहण्याविषयी. बोटीवरचा खरा शत्रू लाटा नसून उकाडा आहे. कॉकपिटवर (सुकाणूजवळच्या बसण्याच्या उघड्या जागेवर) कायमचे कापडी छत, नांगरावर असताना संपूर्ण डेकवर ताणता येईल अशी ताडपत्री, आणि पुढच्या झडपेवर वारा आत वळवणारे कापड, एवढ्यावर खालच्या केबिनमध्ये झोप लागण्याजोगी होते. झडपांना मच्छरदाणीची जाळी हवीच. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरावे. दोघांना दहा दिवसांसाठी दोनशे लिटर लागते, आणि ते एकाच टाकीत न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागावे, म्हणजे एक साठा नासला तरी दुसरा उरतो. भांडी खाऱ्या पाण्यात घासून गोड्या पाण्याचा एकच हात फिरवावा, मात्र मुंबई बंदराच्या पाण्यात नव्हे.

फ्रिज घ्यावा की नाही, यावर पुष्कळ वाद होतो. माझ्या मते घेऊ नये. लहान फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाचशे-सहाशे वॅट-तास सहज खातो, तर दिवे, पंखे आणि व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा बिनतारी संदेशाचा संच) मिळून त्याहून कमी लागते. फ्रिज नसेल तर दीडशे-दोनशे वॅटचे सौर पॅनेल पुरते. कोकणात दोन दिवसांआड बाजाराचे गाव लागते, मासळीच्या जेटीवर बर्फ मिळतो, आणि भाजणी, मेतकूट, पोहे, सुकट, आमसुले, कांदे-बटाटे यांना थंडावा लागत नाही. हलत्या बोटीवर प्रेशर कुकर सर्वांत सुरक्षित, कारण उलटला तरी सांडत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून गळलेला गॅस बोटीबाहेर वाहून जाईल अशी वाट असलेल्या डेकवरच्या कप्प्यात सिलिंडर ठेवावा व प्रत्येक स्वयंपाकानंतर त्याचीच तोटी बंद करावी.

औषधांच्या पेटीत ओआरएस आणि मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवाव्यात. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि मग दवाखाना गाठावा.

बोटीची व सर्वांची ओळखपत्रे मूळ स्वरूपात जवळ असावीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी वाढली आहे. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, परदेशातून आणलेला असला तरी. संकटात व्हीएचएफचे १६ क्रमांकाचे चॅनेल वापरावे, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा.

पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी १ जूनला लागते, पण त्या तारखेची वाट न पाहता मेच्या मध्यापर्यंत बोट जमिनीवर घ्यावी. शिडे उतरवून गोड्या पाण्याने धुऊन वाळवावीत, बॅटऱ्या घरी न्याव्यात, तळाला चिकटलेले शिंपले ओले असतानाच खरवडावेत, कारण वाळल्यावर ते दगडासारखे होतात.