जुनी पिकअप: एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक

पिकअप १९५०च्या दशकातली. इंजिन ठणठणीत, पण स्टिअरिंगला भरपूर प्ले (ढिलेपणा) आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. ड्रम उघडल्यावर कारण दिसलं: उजवीकडचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गळून लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, ब्रेक ऑइलने चिकट झाले होते, म्हणून त्या बाजूचा ब्रेक कमी लागायचा. तेवढंच बदलून भागलं असतं, पण मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा; एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि ड्युअल सर्किटचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकना वेगळी लाइन देणारा, मास्टर सिलिंडर बसवला.

खरी मेख इथे आहे. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खालच्या पातळीवर. पेडल सोडलं की ऑइल मागे उतरतं आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं. त्यामुळे डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावला; तो लाइनमध्ये तेवढा दाब धरून ठेवतो. उलटे लागले तर डिस्कचे पॅड घासत राहतात आणि चाक तापतं.

पुढच्या एक्सलचा बीम (आडवा दांडा) सरळ होता, तोच ठेवला. किंगपिन (ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं) आणि तिचे बुश मात्र नवे; बुश रीम करून (भोक आतून तासून) पिन हाताच्या दाबाने सरकेल इतपतच मोकळे केले. निम्मा प्ले तिथेच गेला, स्टिअरिंग बॉक्स उगाच बदनाम होता! लोक आधी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू पिळतात, मग वळणावर स्टिअरिंग जाम होतं. कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) वाढवायला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि एक्सलमध्ये पाचर घातली. एक्सल पाट्यांखाली आहे, म्हणून जाड टोक मागे. वळणानंतर स्टिअरिंग आता आपसूक सरळ येतं.