ईजीएफपी-रॅब५ क्यू७९एल: खरे फुगे ओळखण्यासाठी

रॅब५ हे एन्डोसोम (पेशीने आत घेतलेला माल वाहणाऱ्या पिशव्या) एकत्र आणणारं प्रथिन; जीटीपी हा रेणू जोडलेला असला की ते चालू, तो तोडला की बंद. त्यातल्या ७९व्या ग्लुटामिनच्या जागी ल्युसीन आलं (क्यू७९एल) की जीटीपी तोडण्याचा वेग फार मंदावतो. प्रथिन चालूच राहतं, एन्डोसोम एकमेकांत मिसळत जातात आणि पेशीत मोठाले फुगे दिसतात. ते उत्परिवर्तनामुळे आले की प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारा गोल डीएनए) जास्त झाल्यामुळे, हे ठरवता आलं पाहिजे.

टॅग, म्हणजे रॅब५ ला जोडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन ईजीएफपी, कुठे आहे ते आधी बघा. रॅब५ च्या सी-टोकावरच्या सिस्टीनना लिपिड जोडलं जातं आणि त्याच आधाराने ते पटलाला चिकटतं. ईजीएफपी त्या टोकाला लावलं तर सगळा सायटोप्लाझम नुसता हिरवा दिसेल. म्हणून पीईजीएफपी-सी१ हा व्हेक्टर (वाहक प्लास्मिड) घ्यायचा. नावातला 'सी' इथे अनेकांना चकवतो: जनुक ईजीएफपीच्या सी-टोकाला जोडलं जातं, म्हणजे टॅग रॅब५ च्या एन-टोकावर येतो.

हा प्लास्मिड असलेले जिवाणू कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या (५० मायक्रोग्रॅम/मिली) प्लेटवर रेघा ओढून वाढवा. या व्हेक्टरला अँपिसिलिन चालत नाही. एकाच कॉलनीतून मिनीप्रेप करा (थोडा प्लास्मिड डीएनए काढा) आणि ७९वा कोडॉन सिक्वेन्स करून घ्या. डबीवरच्या लेबलवर विसंबू नका, कारण वाइल्ड टाइप (मूळ रूप) आणि म्युटंट यांत फरक एका अमिनो आम्लाचा आहे, जेलवर तो कळत नाही. पेशींसाठी एन्डोटॉक्सिनमुक्त प्रेप हवा, २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास.

१२-वेल प्लेटमध्ये कव्हरस्लिपवर सुमारे १ लाख हेला पेशी लावा. दुसऱ्या दिवशी ६०-७० टक्के पृष्ठभाग भरला की ५०० नॅनोग्रॅम डीएनए आणि १.५ मायक्रोलिटर लिपिड रीएजंट सीरमविरहित माध्यमात मिसळून १५ मिनिटं ठेवा, मग थेंब थेंब सोडा. ४ ते ६ तासांनी माध्यम बदला, १८ ते २४ तासांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स करा. मिथेनॉल टाळा, त्याने ईजीएफपीची चमक मंदावते.

सोबत तुलनेसाठी रिकामा ईजीएफपी (रॅब५ न जोडलेला) आणि वाइल्ड टाइप रॅब५ हवेतच, तितक्याच डीएनएवर. व्हेक्टरमधला सीएमव्ही प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) जोरदार आहे आणि वाइल्ड टाइपही जास्त झाला की एन्डोसोम फुगवतो. त्यामुळे सर्वांत चमकदार पेशी सोडून मंद पेशी मोजा. वाइल्ड टाइपमध्येही फुगे दिसले तर डीएनए १०० नॅनोग्रॅमपर्यंत उतरवा आणि ईजीएफपी नसलेला रिकामा व्हेक्टर घालून एकूण डीएनए तेवढाच ठेवा. ईईए१ (एन्डोसोमवरचं ओळखीचं प्रथिन) लाल अँटिबॉडीने रंगवून फुग्यांच्या कडेवर त्याची लाल कड जुळते का तेही पाहा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) ईजीएफपीचा पट्टा सुमारे ५० किलोडाल्टनला यायला हवा. २७ ला आला तर टॅग तुटून सुटा झाला आहे आणि दिसणारा हिरवा रंग रॅब५ चा नाही.